देवाच्या गोळ्या

शालन निकमनं आधी खोकल्याचं औषध मागितलं. मी बाटली काढली, तर म्हणाली, नको, डोकेदुखीची गोळी द्या. ती दिली, तरी तिचा पाय काउंटरपासून हलेना. शेजारी एक म्हातारा गुडघ्याच्या मलमाची चौकशी करत उभा होता. तो जाईपर्यंत तिला काही घ्यायचंही नव्हतं आणि निघायचंही नव्हतं.

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या बायका मी रोज बघत होते. दुपारी दीड ते चार माझे सासरे, म्हणजे आप्पा शेटे, घरी जेवून आडवे व्हायचे आणि तेवढा वेळ दुकान माझ्या हातात असायचं. ‘बाईमाणूस बसतं तवा जावं’ हे आसपासच्या वाड्यांतल्या बायकांना पाठ झालं होतं. डी.फार्म. मी झालेली, भिंतीवरच्या लायसन्सच्या कागदावर नाव माझं, पण लग्नाला तीन वर्षं होऊनही गल्ल्याची गादी आप्पांची होती. मला त्याचा राग यायचा. तो मी मनातल्या मनात काढायचे, कारण तोंडावर काढायची हिंमत नव्हती.

म्हातारा गेला तशी शालन पुढं सरकली. पदर तोंडापाशी धरून म्हणाली, “वैनी, पोर ऱ्हाऊ नये म्हनून गोळ्या असत्यात, त्या द्या.”

तिला मी ओळखत होते. तिच्या दोन्ही पोरींची तापाची, जंताची औषधं आमच्याकडूनच जायची. नवरा संपत कोइमतूरला. आमच्या भागातले निम्मे पुरुष असेच बाहेर असतात, गलाई करतात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. दुकानं तिकडं, घरदार इकडं. वर्षातून दोनदा येतात, नाथाच्या जत्रेला आणि दिवाळीला. तेव्हा माघ चालू होता. जत्रा चैत्रात.

मला जरा गंमत करायची लहर आली. “तुझे मालक तर कोइमतूरला,” मी म्हणाले, “मग गोळ्या कुणासाठी गं?”

हे बोलायला नको होतं. तिचा चेहरा असा उतरला की मला माझीच लाज वाटली. “तुमीबी तेच म्हना आता,” ती म्हणाली. “म्हनून तर भर दुपारी आली मी.”

मग तिनं सगळं सांगितलं, खाली मान घालून, एका दमात. दोन्ही बाळंतपणं पोट फाडून झालेली. दुसरीच्या वेळी इतका रक्तस्राव झाला की मिरजेला नेईपर्यंत ती गेल्यातच जमा होती. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं, तिसरं राहिलं तर आई वाचेल याची खात्री देत नाही. ऑपरेशन करून टाका म्हणाल्या. पण सासूनं, म्हणजे तिच्या आत्याबाईंनी, अन्नच सोडलं. दोन पोरींवर ऑपरेशन करून घराण्याला कुलूप लावताय होय, म्हणाल्या. तांबी बसवली, तर अंगावरून इतकं जाऊ लागलं की महिन्यात काढावी लागली. नवऱ्याला काही वापरा म्हटलं, तर तो गरीब माणूस हो म्हणायचा आणि तिकडून येताना विसरायचा. आता तो जत्रेला तीन आठवडे येणार होता. ह्या गोळ्या आधीपासून सुरू कराव्या लागतात एवढं तिला कुठून तरी कळलं होतं. म्हणून नवरा नसतानाच त्या मागायला आली होती.

तिचं बरोबर होतं. सगळं बरोबर होतं. मी विचारलं, “चिठ्ठी आहे का डॉक्टरांची?”

“चिठ्ठी कुठनं आनू?” ती म्हणाली. “दवाखान्यातला कंपौंडर आमच्या वाडीचा. नवरा परमुलखात आनि बायको असल्या गोळ्या लिवून घेती, हे सांजच्याला चावडीवर. मंदाच्या पिशवीत फुकट असत्यात, पर मंदा माझी चुलत जाऊ. तिनं नाव लिवलं की आत्याबाईंच्या कानावर.”

मंदा म्हणजे वाडीची आशा सेविका. बाळंतपणं, डोस, असल्या गोळ्या, हे सगळं तिच्याच हातचं काम. शालनचं म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे आमचं दुकान.

आमच्या दुकानाची गोष्ट अशी होती की वर्षभरापूर्वी शेजारच्या तालुक्यात एका दुकानदाराकडे गर्भ पाडायच्या गोळ्या सापडल्या होत्या. दुकानाला सील लागलं, पेपरात फोटो आला. त्या दिवशी आप्पांनी घरी येऊन पाणीसुद्धा प्यायलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक अख्खा कप्पा रिकामा केला. त्यात पाडायच्या गोळ्या नव्हत्याच, त्या आम्ही कधी ठेवल्याच नव्हत्या. होत्या त्या साध्या, रोज एक घ्यायच्या, पोर राहू नये म्हणून. आप्पांना त्यातला फरक समजावायला मी गेले, तर म्हणाले, बाईच्या पोटाशी संबंध असलेली कुठलीही वस्तू आपल्या दुकानातून चिठ्ठीशिवाय जाणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसला तो प्रकार. पण नियम म्हणजे नियम.

शालनला मी म्हणाले, दोन दिवसांनी ये, बघते.

त्या संध्याकाळी मी आप्पांशी बोलले. दुकान झाकायच्या आधी, ते देवाला उदबत्ती लावत होते तेव्हा. नाव सांगितलं नाही, नुसतं सांगितलं की एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे आणि ह्या साध्या गोळ्यांना चिठ्ठी मागायचं कारण नाही, मी हेच शिकले आहे.

आप्पा वाईट माणूस नव्हते. हे मी आज त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणत नाही, ते जाऊन सहा वर्षं झाली. उदबत्ती खोचून ते म्हणाले, “शिकलीस म्हणून तर तुझं नाव आहे तिथं भिंतीवर. उद्या काही झालं तर बेड्या माझ्या हातात नाही पडणार, तुझ्या पडतील.”

“काही होणार नाही आप्पा.”

“बाईचा नवरा गावात आहे का?”

मी फळीवरच्या बाटल्या सरळ करू लागले. तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं.

“मग तिची सासू उद्या दुकानासमोर येऊन बसली, आमच्या सुनेला वाकडी वाट दाखवली म्हणाली, तर काय सांगशील? तुझा कायदा वाचून दाखवशील तिला?” आवाज चढवला नाही त्यांनी. “तिला म्हणावं चिठ्ठी आण. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार.”

मागच्या कपाटात तळाला त्या साध्या गोळ्यांची दोन पाकिटं राहिली होती. मला माहीत होतं कुठं आहेत. काढून शालनच्या पिशवीत टाकली असती तर आप्पांना सहा महिने पत्ता लागला नसता. मी तो विचार दोन दिवस केला आणि तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा म्हणाले, नाही जमत गं, चिठ्ठी आण कुठून तरी. ती “बरं” म्हणाली. पोरींसाठी आल्याच्या वड्या घेतल्या आणि गेली. मला वाटलं होतं ती गयावया करेल, म्हणजे मला निदान चिडता तरी येईल. तिनं तेवढंही केलं नाही.

पुढं जत्रा आली.

जत्रेच्या आधीचा आठवडा म्हणजे औषधाच्या दुकानात दिवाळी असते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. नैवेद्य करायचा, पालखी घरावरून जायची, पै-पाहुणे यायचे, आणि त्यात घरातल्या बाईची पाळी आली तर सगळंच अडलं. म्हणून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या लागतात. आमच्याकडे बायका त्यांना नावानं विचारतच नाहीत. ‘देवाच्या गोळ्या द्या’ म्हणतात. त्यात कसली लाज नाही, पदर तोंडाशी धरणं नाही. सासवा सुनांसाठी घेऊन जातात, नवरे बायकांसाठी घेऊन जातात. एकदा तर पुजारीबुवांनी आपल्या लेकीसाठी चारचौघांत मोठ्यानं मागितल्या होत्या. ह्या गोळ्यांच्या पाकिटावर लाल रेघ असते. लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही ती वस्तू. पण आप्पांच्या नियमात ह्या गोळ्या बसत नव्हत्या. ते म्हणायचे, हे धर्माचं काम आहे. मी त्यावर कधी वाद घातला नाही. गर्दीत सुचायचंच नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्यात वावगं वाटतही नव्हतं. मी स्वतः गौरीला त्याच गोळ्या घ्यायचे.

त्या गर्दीत शालन आली. सकाळी, उघड्यावर, वाडीतल्या चार बायकांबरोबर हसत. आप्पा गल्ल्यावर होते. तिनं देवाच्या गोळ्यांची चार पाकिटं मागितली.

“चार?” मी म्हणाले. “जत्रा पाच दिवसांची आहे शालन, पाच महिन्यांची नाही.” बायका हसल्या.

“असूद्या,” ती म्हणाली. “आमच्यात पालखीचा मान हाय, आत्याबाई लई कडक हायत. एक दिवसबी इकडंतिकडं चालायचं न्हाई.”

आप्पा हात पुढं करत म्हणाले, “दे गं चार. नाथाचं काम आहे.” आणि त्यांनी स्वतःच फळीवरून उरलेली पाकिटं काढून दिली.

मी ती कागदात गुंडाळली. दिवसाला तीन, जेवल्यावर, असं सांगितलं. तिला काहीतरी देता आलं, रिकाम्या हातानं पाठवावं लागलं नाही, म्हणून मला बरंच वाटलं. एकदा मनात आलं की हिला विचारावं, त्या दुसऱ्या गोळ्यांचं पुढं काय झालं, चिठ्ठी मिळाली का कुठं. पण आप्पा दीड हातावर आणि वाडीच्या बायका चिकटून उभ्या. शालनही माझ्याकडं न बघता पिशवीची नाडी आवळत होती. मागून कुणीतरी ‘आटपा की वैनी’ म्हणालं. मी पुढच्या बाईकडे वळले.

संपत आला, तीन आठवडे राहिला, गेला. मी त्याला पालखीपुढं गुलालानं माखून नाचताना बघितलं होतं. बरा माणूस दिसला. धाकटीला खांद्यावर घेऊन नाचत होता.

श्रावणाच्या तोंडावर शालन दुपारची आली. ह्या खेपेला तिनं खोकल्याचं औषध मागितलं नाही. दुकान रिकामं होतं.

“वैनी,” ती म्हणाली, “त्या देवाच्या गोळ्यांचा आंमल किती दिस ऱ्हातो अंगात?”

“बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. का गं?”

“माझी आलीच न्हाई अजून.”

मी हातातली वही खाली ठेवली. “किती दिवस खाल्ल्यास?”

“ते होते तवर रोज. एक पाकीट ऱ्हायलं.” मग माझा चेहरा बघून ती घाईनं सांगू लागली, शाळेत उत्तर चुकलेल्या पोरीसारखी. “मधी दोन दिस जरा डाग पडला, मला वाटलं आली. मग मळमळाय लागलं, म्हटलं गोळ्यांनीच व्हतंय. पाळीच न्हाई म्हटल्यावर पोर कसं ऱ्हाईल वैनी? अंगावर पाजत असली की पाळी येत न्हाई बाईला, तवर दिसबी जात न्हाईत. आमची आजी सांगायची, समद्याच सांगत्यात. म्हनून म्हटलं, त्या न्हाई तर ह्या. ह्या तर कुनीबी देतंय.”

तिनं किती विचार केला होता. कुणाला विचारायची सोय नाही, म्हणून बिचारीनं आपल्याच डोक्यानं वाट काढली होती. आणि तिचं उत्तर चुकलं होतं, इतकंच. पोर राहणार नाही असा भरवसा ह्या गोळ्यांवर ठेवता येत नाही, उलट पाळी अडवून त्यांनी तिला शेवटची खूणसुद्धा कळू दिली नव्हती. पाकिटातल्या माहितीच्या कागदावर हे सगळं छापलेलं असतं. इंग्रजीत.

तपासणीची पट्टी देऊन मी तिला मागच्या मोरीत पाठवलं. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. तिनं मला विचारलं नाही की दोन म्हणजे काय. ती मोरीबाहेरच खाली बसली, औषधाच्या खोक्यांमध्ये, आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, “किती दिस झालं असतील?”

“चार महिने. जास्तच.”

“कायतरी द्या वैनी.”

“माझ्याकडे तसलं काही नाही शालन. आणि असतं तरी एवढ्या उशिरा घरी घेतलंस तर तिथंच मरशील.”

“मग?”

मी म्हणाले, मिरजेला जाऊ. येत्या गुरुवारी मी तुला घेऊन जाते, त्याच डॉक्टरीण बाईंकडे, त्या काढतील, त्यांना तुझं माहीत आहे. घरी सांग पोरीचे डोळे तपासायला चाललेय. ती हो म्हणाली. कुणी विचारलं तर मी तिकडं आलेय म्हणा, असं मी माहेरी फोन करून सांगितलं, आप्पांनाही तेच खोटं कारण सांगितलं, गाडीची वेळ बघून ठेवली. एकदा तरी मी काहीतरी धडाचं करत होते.

गुरुवारी मी स्टँडवर दोन गाड्या सोडल्या. शालन आली नाही.

दोन दिवसांनी मंदा लोहाच्या गोळ्या न्यायला आली तेव्हा तिनं सांगितलं. बुधवारी रात्रीचं जेवण करताना शालनला चक्कर आली आणि आत्याबाईंनी जाणलं. सकाळी त्याच तिला इथल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, फार पुढं गेलंय, आता काढणंही तितकंच धोक्याचं, त्यापेक्षा नीट जपा आणि शेवटी मिरजेला न्या. आत्याबाईंनी वाटेत नारळ घेतला आणि नाथाला जाऊन फोडला. त्या म्हणाल्या, बघा, देवानंच दिलं. मंदा हे सांगताना हसत नव्हती. तिला शालनचा मिरजेचा जुना कागद माहीत होता. तिनंच संपतला फोन लावून कळवलं होतं. संपत फोनवर नुसता रडला.

“मला म्हनली असती तर दिल्या असत्या मी,” मंदा मला म्हणाली. “रजिस्टरात दुसरं नाव घातलं असतं. का म्हनली न्हाई, काय म्हाईत.”

मी तिला लोहाच्या गोळ्या मोजून दिल्या. दुसरं काय करणार होते.

शालन मला त्यानंतर एकदाच दिसली. सातवा महिना सरत आला होता. आत्याबाई तिला घेऊन दुकानात आल्या होत्या, बाळंतिणीचं काय काय लागेल ते आधीच घेऊन ठेवायला. म्हातारी खुशीत होती. मला म्हणाली, ह्या खेपंला पोट पुढं हाय, पोरगाच हाय, बघा की. शालनचे पाय सुजले होते. ती माझ्याकडं बघून नीट हसली, माझ्यावर तिचा काही राग नव्हता, हे मला सहन झालं नाही. आत्याबाई बोलण्यात गुंतल्या तेव्हा ती हळूच म्हणाली, “थोरलीला जंताचं औषध द्या वैनी, दोन येळंचं. मी नसताना कुनाच्या ध्यानात ऱ्हायचं न्हाई.”

मी नसताना म्हणजे दवाखान्यात असताना, असं मी त्या वेळी धरून चालले.

ती पौषात गेली. बाळाची वार आधीच्या टाक्यांच्या जागी रुतून बसली होती, ती सुटेना, रक्त थांबेना. मिरजेला, टेबलावरच. मुलगा झाला, तो वाचला. वाडीतले लोक म्हणाले, गेली पण दिवा देऊन गेली. आत्याबाई मात्र बोलायच्याच थांबल्या असं मंदानं सांगितलं. नातवाला मांडीवर घ्यायच्या, पण त्याच्याकडं बघायच्या नाहीत.

आता दुकान मी चालवते. त्या साध्या गोळ्या पुढच्या कप्प्यात असतात, मागितल्या की देते, आणि देवाच्या गोळ्या मागणाऱ्या बाईला बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारते. काहीजणी रागावतात, दुसऱ्या दुकानात जातात. आमच्याच गावात आता पाच दुकानं आहेत, बाकीच्या चारांत कुणी काही विचारत नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगायची वेळ आली होती, आणि ती कशी गेली ते सांगते.

तेरावं झाल्यावर संपत दुकानात आला. सकाळची वेळ होती. डोक्याचे केस काढलेले, अंगात कुणाचा तरी ढगळ शर्ट. आप्पा गल्ल्यावरून उठून उभे राहिले, ये बाबा म्हणाले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला बाळासाठी दुधाची पावडर हवी होती. मी डबा काढला. तो डब्याकडे न बघता खिसा चाचपत होता. त्यानं एक पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. उरलेलं चौथं.

“तिच्या ट्रंकंत सापडलं,” तो म्हणाला. “वैनी, ह्या कसल्या गोळ्या हायत?”

“पाळी पुढं ढकलायच्या.”

“ह्यानं पोर ऱ्हात न्हाई नव्हं?”

“राहतं,” मी म्हणाले.

तो पाकिटाकडे बघत राहिला. माझ्याशी, परक्या बाईशी, हे बोलायला त्याला जड जात होतं, पण दुसरं कोण होतं त्याला विचारायला. “मी तिला इचारलं हुतं, जत्रंला आलो तवा. म्हटलं, काय करायचं? ती म्हनली, काळजी करू नका, गोळ्या घेतल्यात शेट्यांच्या दुकानातनं. दोन बोटांत धरून दाखवली मला. म्हनून मी...” तो थांबला. मग म्हणाला, “त्या खऱ्या गोळ्या न्हाईत का तुमच्यात?”

“आहेत.”

“मग त्या का न्हाई घेतल्या तिनं?”

मी तोंड उघडायच्या आत आप्पा बोलले. “त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते संपतराव. तशी देता येत नाही. कायदा आहे.”

आप्पांना तेच खरं वाटत होतं. दोन वर्षं स्वतःचा नियम पाळून त्यांचा त्याच्यावर कायद्याइतका विश्वास बसला होता. संपतनं मान हलवली. कुठल्याही साध्या माणसाला कायदा म्हटल्यावर जसं वाटतं तसं त्याला वाटलं असावं.

“कायदा असंल तर तुमी तरी काय करनार,” तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला. “कोइमतूरला आमच्या दुकानाच्या शेजारी डाक्टर हाय. रोज सकाळी च्या प्यायला आमच्यात येतो. त्याला नुसतं म्हटलं असतं तरी लिवून दिलं असतं त्यानं. एक कागूद तर आनायचा हुता.” त्यानं काउंटरवरचं पाकीट माझ्याकडं सरकवलं. “एवढंच अडलं हुतं नव्हं वैनी? चिठ्ठीच?”

ते पाकीट मी हातात घेतलं होतं. लाल रेघेवर माझा अंगठा होता. चिठ्ठी ह्या गोळ्यांना लागत होती, त्या गोळ्यांना नाही. हे एवढं वाक्य होतं. पण ते बोलले असते तर दुसरं वाक्यही बोलावं लागलं असतं, की ती दोनदा माझ्याकडं आली होती, आणि मागच्या कपाटात तळाला पाकिटं होती, आणि ती कुठं आहेत हे मला ठाऊक होतं. आप्पा माझ्याकडं बघत होते. तोही बघत होता.

“हो,” मी म्हणाले. “चिठ्ठीच.”

“मग चूक माझी झाली,” संपत म्हणाला. “तिला आनून द्यायला पायजे हुती मी.”

आप्पा म्हणाले, असं मनाला लावून घेऊ नकोस. मग संपतनं मला विचारलं की पावडर किती पाण्यात कालवायची. मी सांगितलं. त्याच्या लक्षात राहिना, तो परत परत विचारत होता, म्हणून मी डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. पाणी उकळून कोमट करायचं, एका वेळी एवढंच, उरलेलं टाकून द्यायचं. त्यानं ते ओठ हलवत दोनदा वाचलं, डबा छातीशी धरला आणि पायऱ्या उतरून गेला.

मी त्याला तसंच जाऊ दिलं.